आधी रेघा, मग नाव

जुने थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचे दुर्बिणीचे यंत्र, समोर आले की नजर आपोआप नावाकडे जाते. पितळेवर ‘ट्रॉटन अँड सिम्स, लंडन’ असे वळणदार अक्षर दिसले की माणूस निम्मा विकला जातो, आणि दुकानदाराला ते लगेच कळते. नाव कोरायला आज थोडा वेळ पुरतो. वर्तुळाचे १०८० सारखे भाग पाडायला मात्र विभाजन यंत्र लागते. म्हणून आम्ही जुनी मोजणी-यंत्रे पाहताना एक क्रम पाळतो: आधी रेघा, मग स्क्रू आणि आटे, मग भिंगे, मग पेटी. नाव अगदी शेवटी.

बाजारात जाताना पिशवीत दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग, छोटी टॉर्च, पाच मीटरचा पोलादी टेप, कापसाच्या काड्या, वही आणि एक लहान चुंबक असतो. चुंबक पितळेचा मुलामा दिलेले लोखंड ओळखायला. मात्र होकायंत्राशेजारी तो कधीही न्यायचा नाही. सुईचे चुंबकत्व क्षीण होते, क्वचित तिची टोकेच उलटतात, आणि चांगले होकायंत्र आपल्याच हाताने बिघडते.

महाराष्ट्रात ही यंत्रे मुख्यतः तीन वाटांनी बाहेर येतात. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार आणि रविवार) सुटी यंत्रे दिसतात. पाटबंधारे, बांधकाम अशा खात्यांचे आणि तंत्रनिकेतनांचे निर्लेखित सामान लिलावात भंगाराच्या वजनावर जाते. आणि निवृत्त मोजणीदारांच्या, ठेकेदारांच्या घरी माळ्यावर पेट्या पडलेल्या असतात. तिसरी वाट सर्वात चांगली, कारण तिथे यंत्राबरोबर तिपाई, ओळंबा आणि कधीकधी जुनी वहीही मिळते. लिलावातून आलेल्या वस्तूची पावती मागून घ्यावी. यंत्रावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला डेड स्टॉकचा, म्हणजे खात्याच्या सामान-नोंदवहीतला, क्रमांक असेल तर तो पुसू नये. यंत्राचा शेवटचा पत्ता तिथेच लिहिलेला असतो, आणि वस्तू रीतसर निर्लेखित झाली होती का हे त्याच क्रमांकावरून विचारता येते.

आता रेघा. थिओडोलाइटच्या आडव्या चक्राच्या कडेला चांदीची अरुंद पट्टी बसवलेली असते आणि अंश तिच्यावर कापलेले असतात. खिडकीतून भिंग लावून पाहिले की खऱ्या यंत्रात तीन गोष्टी दिसतात. प्रत्येक रेघ सारख्याच जाडीची, कडा स्वच्छ, तळ खोलगट आणि त्यात काळा रंग भरलेला. लहान, मध्यम आणि मोठ्या रेघांची टोके आपापल्या एकाच वर्तुळावर संपणारी. आणि कुठेही दोन रेघांमधले अंतर डोळ्याला खटकत नाही. जेसी रॅम्सडेनने १७७५ च्या सुमारास वर्तुळ विभागणारे यंत्र पूर्ण केले, तेव्हापासून चांगल्या यंत्रांवरच्या रेघा अशा यंत्रानेच पडत आल्या. नकली मालावर रेघा ॲसिडने खाल्लेल्या, नाहीतर साच्यातून ओतलेल्या किंवा छापलेल्या असतात. भिंगाखाली त्यांची कड दातेरी, नाहीतर गोलसर मऊ दिसते.

मग व्हर्नियर, म्हणजे मुख्य घराचे बारीक भाग वाचायची चक्राशेजारची छोटी पट्टी, मोजायचा. इंग्लिश पद्धतीच्या ट्रान्झिट (दुर्बीण आसावर पूर्ण उलटणाऱ्या) थिओडोलाइटवर बहुधा अंशाचे तीन भाग केलेले असतात, म्हणजे एक घर २० मिनिटांचे. व्हर्नियरवर ६० घरे असतात आणि ती मुख्य चक्राच्या ५९ घरांत बसतात. वाचन २० सेकंदांपर्यंत. साध्या यंत्रावर मुख्य घर ३० मिनिटांचे, व्हर्नियरची ३० घरे मुख्य चक्राच्या २९ घरांत, वाचन एका मिनिटापर्यंत. शून्यावर शून्य आणून शेवटची रेघ नेमकी कुठे जुळते ते पाहायचे. शोभेच्या यंत्रात व्हर्नियर नुसता नक्षीसारखा असतो: एकतर कुठेच जुळत नाही, नाहीतर सगळीकडे जुळतो. ही एक तपासणी दोन मिनिटांची आहे आणि नकली मालातला बहुतेक भाग इथेच गळतो.

होकायंत्रात हीच तपासणी अक्षरांवर करता येते. जुन्या सर्व्हेयर्स होकायंत्रात उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे शून्य, पूर्व-पश्चिमेला ९०, आणि पूर्व व पश्चिम ही अक्षरे मुद्दाम उलट जागी असतात. सुई एका जागी राहते आणि पेटी फिरते, म्हणून वाचन बरोबर येण्यासाठी तशी अदलाबदल लागते. प्रिझमॅटिक होकायंत्रात चकती सुईबरोबर फिरते. तिथे शून्य दक्षिण टोकाला आणि १८० उत्तरेला, आणि आकडे उलटे लिहिलेले, कारण ते लोलकातून सरळ दिसायचे असतात. ‘लंडन’ असे कोरलेल्या, खिशात मावणाऱ्या चकचकीत होकायंत्रांच्या चकतीवर आकडे सरळ असतात आणि लोलकाच्या जागी साधी काच असते. ते टेबलावर ठेवायला छान, पण मोजणीचे साधन नव्हे.

चांगल्या होकायंत्राच्या सुईवर पितळी तारेची बारीक कडी सरकवलेली असते. तिला कचरा समजून काढू नका. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र सुईचे उत्तर टोक खाली ओढते. लंडनला हा झुकाव ६६ अंशांच्या आसपास, आपल्याकडे पंचवीस-तीसच्या आसपास. विलायतेत समतोल केलेली सुई इथे आली की दक्षिण टोक जड पडते आणि कडी सरकवून समतोल पुन्हा साधावा लागतो. कडी ज्या जागी आहे तिच्यावरून यंत्र शेवटी कुठल्या मुलखात वापरले गेले याचा अंदाज येतो. ती हलवण्याआधी फोटो काढून ठेवावा.

रेघांनंतर स्क्रू. पट्टीच्या खाचेचे स्क्रू हवेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात पसरले. तसा स्क्रू १८८० चे म्हणून सांगितलेल्या यंत्रात दिसला तर निदान तो भाग तरी नंतरचा. खाच ओरबाडलेली आहे का ते पाहायचे. ओरबाडलेली खाच म्हणजे आत कुणीतरी चुकीचा पेचकस घातला आहे. यंत्र उघडल्यावर भागांच्या आतल्या बाजूला बारीक ठोकलेले आकडे किंवा ठिपके असतात. हातजुळणीच्या काळात एका यंत्राचे भाग एकत्र राहावेत म्हणून कारागीर ते ठोकत. एका भागावर ७ आणि दुसऱ्यावर ४ असेल, तर दोन यंत्रांचे मिळून एक केलेले आहे. तसे यंत्र घेऊच नये असे नाही. किंमत मात्र त्याप्रमाणे द्यावी.

दुर्बिणीतून पाहताना चित्र उलटे दिसले की नवखा माणूस यंत्र बिघडले असे समजतो. जुन्या मोजणी-दुर्बिणीत चित्र उलटेच दिसते. सरळ करायला जादा भिंगे लागतात आणि त्यांत उजेड वाया जातो. म्हणूनच उंचसखलपणा मोजताना समोर उभ्या करायच्या काही जुन्या लेव्हलिंग दांड्यांवर आकडे उलटे छापलेले आढळतात. फोकस करताना पुढचे भिंग नळीसकट पुढेमागे सरकत असेल तर यंत्र जुन्या धाटणीचे. नळीची लांबी तीच राहून आतले भिंग सरकत असेल तर विसाव्या शतकातले. पण जुनी धाटणी म्हणजे जुने यंत्र, असा हिशेब मांडू नका. भारतीय कारखान्यांनी सरकत्या नळीच्या डम्पी लेव्हल (उंचसखलपणा मोजायची दुर्बिणीची यंत्रे) पुढे कित्येक दशके बनवल्या, आणि महाविद्यालयांत त्याच शिकवल्या गेल्या.

इतके झाल्यावर नाव वाचायचे. मालकी बदलली की नाव बदलते, त्यामुळे तारखेला दोन्ही बाजूंनी कुंपण पडते. ‘ट्रॉटन अँड सिम्स’ म्हणजे १८२६ ते १९२२. ‘कुक, ट्रॉटन अँड सिम्स’ म्हणजे १९२२ नंतर. ‘ई. आर. वॉट्स’ म्हणजे १९४८ च्या आधी आणि ‘हिल्गर अँड वॉट्स’ म्हणजे त्यानंतर. ‘विल्ड, हेरब्रुग’ १९२१ च्या आधीचे असूच शकत नाही. डम्पी लेव्हलची रचना विल्यम ग्रॅव्हॅटने १८३२ मध्ये आणली, त्यामुळे ‘अठराव्या शतकातली डम्पी’ कुणी दाखवली तर पेटी न उघडताच परत द्यावी.

भारतात सापडणाऱ्या यंत्रांवर दुसरे नावही असते आणि ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे. ‘लॉरेन्स अँड मेयो’ किंवा मद्रासचे ‘पी. ऑर अँड सन्स’ अशी नावे दिसली की ती बनवणाऱ्याची की विकणाऱ्याची हा प्रश्न विचारायचा. यंत्र विलायतेहून आणून इथल्या पेढीने आपले नाव घालणे सर्रास चाले. ‘एम. आय. ओ.’ म्हणजे कलकत्त्याचे मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस. सरकारी खात्यांची यंत्रे तिथे दुरुस्त होत आणि बनतही. याच कार्यालयातून १९५७ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी झाली. अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन याच परंपरेतले. भारताचा सर्व्हेयर जनरल जॉर्ज एव्हरेस्टच्या काळात यंत्रकार हेन्री बॅरोनंतर सर्व्हेच्या यंत्रांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. भारतीय यंत्रांचा संग्रह करणाऱ्याने त्यांचे नाव लंडनच्या कारागिरांच्या रांगेतच ठेवावे. रेल्वेची आद्याक्षरे, जसे जी. आय. पी. किंवा बी. बी. अँड सी. आय., आणि तीन फाट्यांचा सरकारी बाण हेही भिंगाखाली पाहून टिपून घ्यावेत.

‘एव्हरेस्ट धाटणीचा’ थिओडोलाइट वेगळा ओळखता येतो. पायाला तीन स्क्रू, आडव्या चक्रावर १२० अंशांवर तीन व्हर्नियर, उभे पूर्ण चक्र नाही. त्याऐवजी दुर्बिणीच्या दोन्ही अंगांना कमानीचे तुकडे. दुर्बीण आसावर पूर्ण उलटत नाही. यंत्र बुटके आणि आटोपशीर होते. वाहून न्यायला सोपे म्हणून ते हिंदुस्थानात रुळले. हे पाहून कुणी ‘खुद्द एव्हरेस्टचे यंत्र’ म्हणाले तर मान हलवून पुढे जावे. धाटणीला त्याचे नाव आहे, एवढाच त्याचा अर्थ.

साखळीला आपल्याकडे थिओडोलाइटइतकाच मान हवा, कारण गावागावातली शेते साखळीने मोजली गेली. भंगारात ती गुंता झालेल्या लोखंडी तारेसारखी पडलेली असते आणि पाहणारा ओलांडून जातो. ओळखण्यासाठी साखळी ताणून सुतळीने जमिनीवर सरळ ठेवा आणि मधल्या दहा कड्या मोजा. मुठीजवळची शेवटची कडी धरू नका, तिच्या मापात मूठ धरलेली असते. एका कडीचे माप म्हणजे तार आणि दोन्हीकडच्या जोडरिंगांचा अर्धा-अर्धा वाटा. दहा कड्या ३०४.८ सेंटिमीटर भरल्या तर ती १०० फुटी इंजिनिअर्स साखळी. २०१.२ भरल्या तर गुंटर साखळी: ६६ फूट, १०० कड्या, कडी ७.९२ इंच. २०० भरल्या तर दशमान पद्धतीची २० किंवा ३० मीटर साखळी. शेवटच्या दोन मापांत दहा कड्यांमागे फक्त १२ मिलिमीटरचा फरक आहे, आणि झिजलेल्या साखळीत तो सहज हरवतो. म्हणून खुणाही पाहायच्या. गुंटर साखळीत दर दहा कड्यांना पितळी बिल्ला असतो. पहिल्याला एक दात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार आणि मधला पन्नासावा गोल. दोन्ही टोकांकडून हाच क्रम, म्हणजे साखळी कुठूनही वाचता येते. मात्र चार दातांचा बिल्ला ४० की ६० याचे भान मोजणाऱ्याने ठेवायचे. दशमान साखळीत दर पाच मीटरला बिल्ला आणि दर मीटरला छोटी पितळी रिंग असते.

मुंबई इलाख्याची साखळी मात्र ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. एक आणा म्हणजे २४.७५ इंच, सुमारे ६२.९ सेंटिमीटर. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा; असे ४० गुंठे म्हणजे एकर. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून सुरू झालेल्या रयतवारी मोजणीची भाषा हीच, आणि जुनी टिपणे वाचताना साखळी-आण्यांचे आकडे आजही लागतात. तिच्या जोडीचा क्रॉस स्टाफ, म्हणजे मोजणी खात्याचा शंकू, हे शेतात काटकोन काढायचे साधन. काठीच्या टोकावर बसणारे हे पितळी किंवा लाकडी डोके दिवाबत्तीचा तुकडा म्हणून विकले जाते. समोरासमोर, एकमेकींना काटकोनात असलेल्या उभ्या फटी दिसल्या की ते उचला. काटकोन तपासणे सोपे आहे: एका फटीतून एका खुणेवर आणि दुसरीतून दुसऱ्या खुणेवर नजर लावा, मग डोके ९० अंश फिरवून पहिल्या खुणेच्या जागी दुसरी फट आणा. आता उरलेल्या खुणेची जागा जितकी चुकली त्याच्या निम्मी चूक शंकूची.

साखळीच्या जोडरिंगा कापून किंवा कड्या ठोकून तिला ‘बरोबर’ करू नका. ६६ फुटांच्या साखळीत घासणाऱ्या जागा ६०० हून जास्त असतात. प्रत्येक जागी इंचाचा शंभरावा भाग झिजला तरी साखळी सहा इंच वाढते. हाच तिच्या वापराचा पुरावा. किती वाढली ते मोजून चिठ्ठीवर लिहा. गंजासाठी घासलेटात एक रात्र, मग जुन्या दातघासणीने झाडणे, कोरड्या फडक्याने पुसणे आणि पातळ तेलाचा हात. सॅण्डपेपर नको.

घरी आणलेले थिओडोलाइट प्रथम फिरवायचे नाही. हा नियम आम्ही सर्वात कडक पाळतो. आतल्या शंकूच्या आकाराच्या आसाचे जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. जोर लावला की पितळ पितळेला धरते आणि दोन्ही पृष्ठभाग ओरखडतात. ते नुकसान भरून येत नाही. सगळे क्लॅम्प (हालचाल अडकवणारे स्क्रू) सैल करायचे, सांध्यात घासलेटाचा थेंब सोडायचा, एक दिवस थांबायचे, पुन्हा थेंब. आस सुटला की उचलून काढायचा, जुने ग्रीस पुसायचे आणि घड्याळाच्या तेलाचा अगदी पातळ थर द्यायचा. जुळवणीच्या स्क्रूंना डोक्यात आडवी भोके असतात. त्यांत मापाची पोलादी टाचणी घालून फिरवायचे, पकड लावायची नाही.

मग कसोटी. पातळीच्या नळीचा बुडबुडा दोन पाय-स्क्रूंच्या रेषेत मध्यावर आणा आणि यंत्र १८० अंश फिरवा. बुडबुडा सरकला त्याच्या निम्मी चूक नळीची, निम्मी उभ्या आसाच्या तिरकेपणाची. निम्मी नळीच्या स्क्रूने, निम्मी पाय-स्क्रूंनी काढा. तीन-चार फेऱ्यांतही बुडबुडा स्थिर होत नसेल तर आस झिजला किंवा वाकला आहे. यानंतर आडव्या चक्रावरचे समोरासमोरचे दोन्ही व्हर्नियर, ‘ए’ आणि ‘बी’, दर ३० अंशांवर वाचून त्यांतला फरक लिहा. फरक सगळीकडे १८० अंशांहून सारखाच कमीजास्त असेल, समजा सगळीकडे ४० सेकंद, तर चिंता नाही. व्हर्नियर नेमके समोरासमोर बसलेले नाहीत, एवढेच. फरक चढत जाऊन मग उतरत असेल तर चक्राचे केंद्र आणि आसाचे केंद्र एक नाही. फेरीत एकाच जागी अचानक उडी असेल तर यंत्र पडले आहे आणि चक्र तिथे दबले आहे.

चक्र दबणे ही थोरामोठ्यांच्याही यंत्रांची गोष्ट. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचा, लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला ३६ इंची, सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना आदळला आणि त्याचे चक्र वाकले. लॅम्बटनने सुमारे सहा आठवडे खपून ते स्वतः सरळ केले आणि पुढे त्याच यंत्रावर काम चालू ठेवले. १८०२ मध्ये मद्रासच्या पायारेषेपासून (त्रिकोणांची जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली पहिली बाजू) सुरू झालेले त्याचे काम वर्ध्याजवळ हिंगणघाटला थांबले. १८२३ मध्ये तो तिथेच वारला आणि त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाटला जाणे झाले तर ती पाहून यावी.

भिंगांचे दोन आजार. कोकणात आणि मुंबईत बुरशी: काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. लवकर धरली तर पुसली जाते. उशीर झाला तर काचेवर कायमचा डाग राहतो. दुसरा, पुढच्या जोडभिंगातला डिंक सुटणे: कडेला इंद्रधनुषी कडी किंवा पिवळी छटा दिसते. जोडभिंग उघडण्याआधी कडेवर पेन्सिलने दोन्ही भिंगांवरून तिरकी रेघ मारायची, म्हणजे परत जोडताना जागा चुकत नाही. नुसत्या संग्रहासाठी असेल तर न उघडणेच बरे. दुर्बिणीत नेम धरायच्या फुलीचे तंतू बऱ्याच जुन्या यंत्रांत कोळ्याच्या रेशमाचे असतात. दुर्बिणीत फुली दिसत नाही म्हणून आत कापसाची काडी घालाल तर उरलेला तंतूही जाईल. तुटलेला तंतू बदलायचा तर कोळ्याच्या ताज्या तंतूला दोन्ही टोकांना मेणाचे गोळे लावून तो ताणायचा, चकतीवरच्या मूळ ओरखड्यांत बसवायचा आणि चपडा लाखेच्या थेंबाने चिकटवायचा.

सफाई हा संग्रहातला सर्वात जास्त नासधूस करणारा टप्पा आहे. पितळ दिसले की चिंच, राख, चकाकीची पूड आठवते. देव्हाऱ्यातल्या समईसाठी ते योग्यच आहे. जुन्या यंत्राचे पितळ मात्र उघडे नसते. त्यावर लाखेचा सोनेरी थर असतो, किंवा रसायनाने काळपट केलेला राप. एकदा घासले की तो गेला, आणि परत आणलेला रंग जाणकाराला दहा पावलांवरून कळतो. लाख स्पिरिटात विरघळते, म्हणून सॅनिटायझर किंवा स्पिरिटचा बोळा यंत्राजवळ नको. अमोनिया असलेले पॉलिश तर नकोच नको. ताण असलेले पितळ अमोनियाने तडकते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराच्या काडतुसांची पितळी नळकांडी तबेल्यात ठेवली असता पावसाळ्यात अशीच तडकत, आणि कारण निघाले घोड्यांच्या मुतातला अमोनिया.

आम्ही एवढेच करतो: मऊ ब्रशने धूळ, मग ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, कापसाची काडी, पिळून जवळजवळ कोरडी, लगेच कोरडे फडके. हिरवा कळंक बांबूच्या काडीने, भिंगाखाली पाहत, हळूहळू. चांदीची पट्टी काळी पडलेली असली तरी रेघा वाचता येत असतील तर तिला हात लावत नाही. प्रत्येक घासणीने चांदी झिजते आणि रेघेची खोली कमी होते. रेघा गेल्या की यंत्राचे यंत्रपण जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी प्रिझमॅटिक होकायंत्रांत अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असतो. आता तो चमकत नाही, कारण चमकणारे द्रव्य थकले आहे. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे, म्हणजे किरणोत्सर्ग तसाच चालू आहे. तपकिरी, भेगाळलेला रंग दिसला तर ते होकायंत्र उघडू नका, रंग खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका आणि झोपायच्या खोलीत ठेवू नका. पारदर्शक डबीत बंद करून चिठ्ठी लावा.

पेटी हा यंत्राचा अर्धा जन्मदाखला आहे. झाकणाच्या आत बनवणाऱ्याचा किंवा दुरुस्त करणाऱ्याचा कागद, क्रमांक, कधी खात्याचा शिक्का असतो. पेटीचा आणि यंत्राचा क्रमांक जुळला तर नोंद करा. पेटीतले खाचे रिकामे असतील तर त्यांच्या आकारावरून काय हरवले ते कळते: गोल खाच ओळंब्याची, लांबट खाच तिरक्या नेत्रभिंगाची, बारीक फट जुळवणीच्या टाचणीची. आतली हिरवी लोकर कसर खाते, तिथे डांबरगोळी ठेवू नका, कापडाच्या पुरचुंडीत कडुनिंबाचा पाला पुरतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. होकायंत्र कातडी म्यानात ठेवू नये. कातड्यातली चरबी पितळेला लागून हिरवा चिकट थर बनतो. पावसाळ्यात प्रत्येक पेटीत सिलिका जेलची पुडी, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पेट्या सावलीतच उघड्या ठेवायच्या. उन्हात पातळीच्या नळ्या फुटतात.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, विज्ञान किंवा कारागिरी दाखवणारी वस्तूही येते. तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे जाताना सामानात घातलेला थिओडोलाइट विमानतळावर अडू शकतो. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आणि शेताच्या बांधावरचे मोजणीचे दगड, टेकडीवरचे त्रिकोणमितीचे खांब कितीही देखणे वाटले तरी उचलायचे नाहीत. ती सरकारी खूण आहे, ती हलवणे गुन्हा आहे, आणि तिच्या जागेवर कुणाच्या तरी सातबाराची हद्द उभी आहे.

शेवटी वही. प्रत्येक यंत्राला एक पान: कुठून, कधी आणि किती रुपयांना घेतले, सर्व कोरीव मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, चक्राचा व्यास इंचांत, मुख्य घर आणि व्हर्नियरचे वाचन, ‘ए’–‘बी’ फरकाचा तक्ता, साखळी असेल तर आजची लांबी आणि मोजताना किती ताण दिला, काय सुटे, काय हरवलेले, आपण काय काढले, काय लावले, कुठले तेल. फोटो सफाईच्या आधीचे आणि नंतरचे, बाजूला मोजपट्टी ठेवून. पानाच्या तळाशी यंत्राचा अंदाजे काळ लिहिताना शाई नको, पेन्सिल वापरा.